तारांवरचं रिकामं ओझं: कपॅसिटर बँक नेमकं काय काम करते?

रब्बीची पाणीपाळी सुरू झाली की महावितरणचं एक आवाहन वर्तमानपत्रांत हमखास येतं: कृषिपंपांना कपॅसिटर बसवा आणि ऑटोस्विच (वीज येताच पंप आपोआप सुरू करणारं साधन) काढून टाका. बातमी चार-सहा ओळींची असते. कपॅसिटरमुळे डीपी (पंपांना वीज देणारा ट्रान्सफॉर्मर) जळण्याचं प्रमाण कमी होईल आणि पंपाला पुरेसा दाब मिळेल, एवढंच त्यात लिहिलेलं असतं. स्टार्टरशेजारी मावणारा एक लहानसा डबा शंभर केव्हीएची डीपी कशी वाचवणार, हे मात्र कोणी समजावून सांगत नाही. म्हणून आवाहन वाचलं जातं आणि विसरलंही जातं.

असे अनेक डबे एकत्र जोडले की त्याला कपॅसिटर बँक म्हणतात. उपकेंद्राच्या आवारात लोखंडी चौकटीवर रांगेने बसवलेल्या चपट्या पेट्या दिसतात, त्या याच. कारखान्याचं वीजबिल त्यांच्यावर हलतं, आणि मोठमोठ्या शहरांत अंधार झाला त्या काही घटनांमध्ये त्यांचाही संबंध होता. तेव्हा हा विषय मुळापासून समजून घेऊ.

मोटर वीज घेते आणि त्यातली काही परतही देते

पंपाची मोटर फिरते ती चुंबकाच्या जोरावर. आतल्या तांब्याच्या वेटोळ्यांतून प्रवाह गेला की चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि त्या क्षेत्राच्या ओढीने मधला दांडा फिरतो. आपल्या तारांतली वीज सेकंदाला ५० आवर्तनं घेते, त्यामुळे प्रत्येक फेजच्या वेटोळ्यातलं क्षेत्र सतत उभं राहतं आणि मावळतं. उभं राहताना ते तारांतून ऊर्जा घेतं, मावळताना तीच ऊर्जा तारांत परत सोडतं. ही देवघेव सेकंदाला १०० वेळा चालते. यातली ऊर्जा पाणी उपसण्याच्या कामी येत नाही आणि खर्चही होत नाही, पण तिच्याशिवाय मोटर जागची हलणार नाही.

समजा, गावात लग्न आहे आणि तालुक्याहून टेम्पो मागवला आहे. त्यात शिधा आहे, आणि स्वयंपाकाची मोठी पातेली, कढया, पराती आहेत. शिधा शिजतो, पंगतीत संपतो. भांडी संपत नाहीत, घासूनपुसून परत जातात. पण टेम्पोतली जागा ती येताना अडवतात, जाताना अडवतात, आणि डिझेल त्यांच्यापायीही जळतं. गावात रोजच पंगत उठत असेल तर भांड्यांचा एक संच समाजमंदिरात ठेवून द्यायचा, म्हणजे टेम्पो फक्त शिधा आणेल.

शिधा म्हणजे खरं काम करणारी वीज, ती किलोवॅटमध्ये मोजतात. भांडी म्हणजे रिॲक्टिव्ह पॉवर, तिचं माप केव्हीएआर. तारांवर आणि डीपीवर पडणारा एकूण भार केव्हीएमध्ये मोजतात. आणि या एकूण भारात कामाच्या विजेचा वाटा किती, त्याला पॉवर फॅक्टर म्हणतात. तो १ असेल तर सगळा भार कामाचा, ०.७५ असेल तर डीपीच्या दर १०० केव्हीएमधून कामाचे फक्त ७५ किलोवॅट मिळतात. समाजमंदिरात ठेवलेला भांड्यांचा संच म्हणजे कपॅसिटर.

तुलना एका बाबतीत अपुरी आहे. शिधा आणि भांडी यांच्या वजनाची सरळ बेरीज होते, किलोवॅट आणि केव्हीएआरची होत नाही. त्या काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू समजायच्या आणि केव्हीए हा कर्ण: दोघांच्या वर्गांची बेरीज करायची, तिचं वर्गमूळ काढायचं. पुढचा हिशेब याच रीतीने केला आहे.

आता कपॅसिटर. त्याची घडण साधी आहे: धातूचे दोन पातळ थर आणि मध्ये वीज वाहू न देणारा प्लॅस्टिकचा पापुद्रा, सगळं गुंडाळून डब्यात बंद केलेलं. तोही ऊर्जा साठवतो आणि परत देतो, पण त्याच्या वेळा मोटरच्या बरोबर उलट असतात. मोटर ऊर्जा मागते त्या क्षणी कपॅसिटर ती सोडत असतो, आणि मोटर परत करते त्या क्षणी तो भरत असतो. दोघं शेजारी असले की ही देवघेव आपसातच उरकते. उपकेंद्रापासून शेतापर्यंतच्या तारांना तिचा भार वाहावा लागत नाही. कपॅसिटर स्वतः वीज तयार करत नाही, हे मात्र पक्कं लक्षात ठेवायला हवं; पुढचे बरेच गैरसमज तिथूनच निघतात.

(घरच्या पंख्यात किंवा सिंगल फेज मोटरीत जो कंडेन्सर असतो तो मोटरला फिरायला सुरुवात करून देण्यासाठी असतो. वस्तू तीच, काम वेगळं. या लेखात त्याचा विचार नाही.)

पाच एचपीच्या पंपाचा हिशेब

पाच एचपीचा पंप चालताना साधारण ४.६ किलोवॅट वीज घेतो. त्याचा पॉवर फॅक्टर ०.७५ धरू, शेतातल्या जुन्या, दोन-तीनदा रिवाइंड केलेल्या मोटरींना हा आकडा अजिबात वावगा नाही. मग त्याचा भार झाला सुमारे ६.१ केव्हीए आणि ४१५ व्होल्टला प्रवाह साडेआठ अँपिअर. त्यात सुमारे ४ केव्हीएआर ही नुसती देवघेव.

आता मोटरशेजारी २ केव्हीएआर देणारा कपॅसिटर लावला. निम्मी देवघेव जागेवरच भागली. तारांतून येणारा भार ६.१ वरून ५ केव्हीएवर आला, प्रवाह साडेआठवरून सात अँपिअरवर. दीड अँपिअरचा फरक किरकोळ वाटतो. पण तारेत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी वीज प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून प्रवाह १८ टक्क्यांनी उतरला की त्या पंपापायी तारेत होणारी गळती जवळजवळ एक तृतीयांशाने उतरते.

डीपीच्या बाजूने पाहिलं तर फरक आणखी ठळक दिसतो. १०० केव्हीएच्या डीपीवर असे १९ पंप एकाच वेळी चालू आहेत. कपॅसिटर नसतील तर भार ११६ केव्हीए. तेल तापतं, वेटोळ्यांवरचं आवरण भाजत जातं आणि ऐन पाणीपाळीत डीपी जाते. प्रत्येक पंपाला कपॅसिटर असेल तर तेच १९ पंप, तेवढंच पाणी, आणि भार ९६ केव्हीए. डीपी तीच, तार तीच. एवढासा डबा डीपी वाचवतो तो असा.

व्होल्टेजचाही प्रश्न यातच आहे. लांबच लांब तारांमध्ये दाब पडतो तो काही अंशी या रिॲक्टिव्ह प्रवाहामुळे. ती वाहतूक कमी झाली की लाइनच्या टोकाच्या शेतकऱ्याला दाब बरा मिळतो. कमी दाबावर मोटर तेवढ्याच कामासाठी जास्त प्रवाह ओढते, तापते आणि जळते, हे प्रत्येक बागायतदाराने पाहिलेलं असतं.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. कपॅसिटर जिथे जोडला त्याच्या अलीकडच्या, म्हणजे डीपीच्या बाजूच्या तारांचा भार हलका होतो. पलीकडच्या नाही. स्टार्टरपासून खाली बोअरमध्ये उतरलेल्या केबलमधून आणि मोटरच्या वेटोळ्यांतून पूर्वीइतकाच प्रवाह जातो. सुधारलेल्या दाबाचा फायदा मोटरला होतो तेवढाच.

मग डीपीवरच एक मोठा कपॅसिटर का लावत नाहीत?

लावता येतो, आणि काही ठिकाणी लावतातही. पण मग डीपीपासून पंपांपर्यंतच्या लघुदाब तारांवरचं ओझं तसंच राहतं, आणि शेतांमध्ये या तारा लांब असतात. शिवाय पंप बंद झाले तरी डीपीवरचा कपॅसिटर चालूच राहतो. गरज नसताना तो दाब चढवत बसतो. पंपाच्या स्टार्टरनंतर जोडलेला कपॅसिटर पंपाबरोबर चालू होतो, पंपाबरोबर बंद होतो. वेगळं काही करावं लागत नाही.

ऑटोस्विचचा प्रश्न मात्र कपॅसिटरने सुटत नाही, म्हणूनच आवाहनात दोन्ही गोष्टी एकत्र येतात. मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह खेचते. वीज आल्याबरोबर ऑटोस्विचमुळे सगळे पंप एकाच क्षणी सुरू झाले तर १९ पंप मिळून ८०० अँपिअरच्या वर मागणी करतात, आणि १०० केव्हीएच्या डीपीची क्षमता सुमारे १३५ अँपिअर असते. तो झटका लहानशा कपॅसिटरच्या आवाक्यातला नाही.

फायदा इतका उघड आहे तर लोक बसवत का नाहीत?

कारण फायदा होतो सगळ्यांचा आणि खर्च होतो एकट्याचा. १९ जणांपैकी एकाने कपॅसिटर बसवला तर डीपीवरचा भार एका केव्हीएने हलका होतो. त्याच्या स्वतःच्या पंपाला फरक जाणवेलच असं नाही. बिलातूनही परतावा नाही: राज्यात कित्येक कृषिपंपांची आकारणी वर्षानुवर्षं एचपीवर होत आली, आणि एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांचं बिल मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेतून सरकार भरतं. ज्याला बिलच नाही त्याला बिल कमी होण्याचं आमिष कसलं?

म्हणूनच मला वाटतं की केवळ आवाहनं करून हे काम होणार नाही. डीपी जळाली की ती बदलण्याचा खर्च, ती येईपर्यंत वाळणारं पीक, तारांतली गळती, या सगळ्याच्या तुलनेत एका पंपामागचा कपॅसिटर खूपच स्वस्त आहे. तो सरकारने किंवा वीज कंपनीने स्वतःच्या खर्चाने, एका डीपीवरच्या सगळ्या पंपांना एकदम बसवावा. १९ पैकी तिघांनी बसवून काही साधत नाही; सगळ्यांनी बसवला तरच वर मांडलेला हिशेब खरा होतो. आणि बसवल्यावर तो चालू आहे की नाही हे वर्षातून एकदा पाहणारं कोणीतरी हवं, कारण मेलेला कपॅसिटर बाहेरून चांगलाच दिसतो.

घरच्या मीटरवर याचा फरक पडेल का?

नाही. घरगुती बिल युनिटवर, म्हणजे किलोवॅट-तासांवर होतं. मीटर फक्त शिधा मोजतं, भांडी मोजतच नाही. त्यामुळे भांडी कुठून आली यावर बिल हलत नाही.

‘प्लगमध्ये लावा आणि वीजबिल ३०-४० टक्क्यांनी कमी करा’ अशा जाहिरातींसह जी छोटी यंत्रं विकली जातात, त्यांच्यात बहुधा एक छोटा कपॅसिटर आणि एक दिवा असतो. विक्रेता क्लॅम्प मीटर (तारेभोवती धरून प्रवाह मोजणारं मीटर) लावून दाखवतो की अँपिअर उतरले. ते खरंच उतरतात. पण घराचं बिल अँपिअरवर नसतं, आणि युनिटांचा आकडा होता तिथेच राहतो. अर्धवट खरं दाखवून लोकांचे कष्टाचे पैसे काढण्याचा हा प्रकार आहे. मीटरवरचं रीडिंग दाखवा, अँपिअर नको, एवढं विचारलं की पुरे.

कारखान्याचं गणित वेगळं

महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांची आकारणी एप्रिल २०२० पासून केव्हीएएच, म्हणजे केव्हीए-तासांवर होते. इथे टेम्पोवरच्या सगळ्या मालाचे पैसे पडतात. त्यामुळे पॉवर फॅक्टर एकाच्या जवळ ठेवणं हा कारखानदाराचा थेट फायदा आहे, आणि एमआयडीसीत एपीएफसी पॅनेल नसलेला कारखाना सापडणं अवघड. हे पॅनेल म्हणजे कपॅसिटरचे लहान-मोठे टप्पे आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणारा रिले. बाहेरून येणाऱ्या मुख्य तारेवरच्या सीटीकडून, म्हणजे प्रवाह मोजणाऱ्या करंट ट्रान्सफॉर्मरकडून, त्याला प्रवाह कळतो. मशिनं वाढली की तो एकेक टप्पा जोडतो, कमी झाली की काढतो.

याच कारखान्यांना अलीकडे एक गोष्ट चक्रावून टाकते. छतावर सौर पॅनेल बसवले आणि पॉवर फॅक्टर कोसळला! इन्व्हर्टर बिघडला असेल, मीटर चुकलं असेल, असं वाटतं. दोन्ही नाही. समजा कारखान्याचा भार २०० किलोवॅट आणि १०० केव्हीएआर आहे. पॉवर फॅक्टर जवळपास ०.९. आता दुपारी छतावरून १५० किलोवॅट मिळू लागले. महावितरणकडून घ्यायचे राहिले ५० किलोवॅट. पण १०० केव्हीएआर पूर्वीसारखे बाहेरूनच येत आहेत, कारण इन्व्हर्टर फक्त किलोवॅट देतो आहे. मीटरला दिसतं: ५० किलोवॅटचं काम आणि ११२ केव्हीएचा भार. पॉवर फॅक्टर ०.४५. कारखान्यात काहीच बिघडलेलं नाही. शिधा घरचा झाला, भांडी अजून तालुक्याहूनच येतात.

उपाय दोन. एपीएफसीचे टप्पे वाढवायचे आणि त्याची सीटी अशा जागी बसवायची की सौर वीज मिसळल्यानंतरचा, मीटरला दिसतो तोच प्रवाह रिलेलाही दिसेल. किंवा इन्व्हर्टरलाच रिॲक्टिव्ह पॉवर द्यायला लावायचं. आजचे बहुतेक मोठे इन्व्हर्टर ते करू शकतात, फक्त सेटिंग बदलावं लागतं. सौर प्रकल्प बसवून घेताना ठेकेदाराला हा प्रश्न आधीच विचारलेला बरा.

उपकेंद्रातली बँक

३३/११ केव्ही उपकेंद्रात ११ केव्हीच्या बसला (सगळ्या लाइन जिथे एकत्र जोडतात त्या पट्टीला) जोडलेली बँक अनेक डब्यांची असते. डबे बहुधा दोन स्टारमध्ये (तिन्ही फेजच्या डब्यांची एकेक बाजू एका मध्यबिंदूला सांधून) जोडतात आणि दोन्ही स्टारच्या मध्यबिंदूंना सांधणाऱ्या तारेवर एक सीटी बसवतात. सगळे डबे ठीक असतील तर त्या तारेतून प्रवाह जवळजवळ शून्य. एक डबा जरी गेला तरी तोल ढळतो, तारेतून प्रवाह वाहू लागतो, रिलेला तो जाणवतो आणि बँक बंद पडते. शेकडो केव्हीएआरच्या बँकेतला एक डबा बिघडल्याची खबर एका तारेवरून मिळते. मला ही रचना फार सुंदर वाटते. बँकेसोबत जाडजूड वेटोळी उभी दिसतात ती सिरीज रिॲक्टर. बँक चालू करताना प्रवाहाचा जो लोंढा येतो त्याला ती आवरतात.

याहूनही मोठी गरज चंद्रपूर ते पडघे या ५०० केव्हीच्या एचव्हीडीसी, म्हणजे उच्चदाब डीसी लाइनच्या दोन्ही टोकांना आहे. विदर्भातली १,५०० मेगावॅट वीज साडेसातशे किलोमीटर दूर मुंबईकडे आणणारी ही लाइन. तारांत डीसी असते, तिथे रिॲक्टिव्ह पॉवरचा प्रश्नच नाही. पण एसीची डीसी आणि डीसीची परत एसी करणारे कन्व्हर्टर मात्र वाहून नेलेल्या विजेच्या जवळपास निम्मी रिॲक्टिव्ह पॉवर मागतात. ती भागवण्यासाठी दोन्ही टोकांच्या आवारांत फिल्टर आणि कपॅसिटरच्या मोठ्या बँका लागतात.

जास्त लावले तर आणखी चांगलं, नाही का?

ही समजूत सगळ्यांत महाग पडते. गरजेपेक्षा जास्त कपॅसिटर जोडले की देवघेव उलट दिशेने सुरू होते. आता कपॅसिटरची ऊर्जा मोटरला नको असते, म्हणून ती तारांतून मागे जाते. तारांवर ओझं पुन्हा आलंच, याला लीडिंग पॉवर फॅक्टर म्हणतात. रात्री मशिनं बंद आणि फिक्स कपॅसिटर चालू, असं अनेक ठिकाणी घडत असतं. २०१८ साली हे लीडिंग रीडिंगही हिशेबात धरलं जाऊ लागलं तेव्हा राज्यातल्या बऱ्याच उद्योगांना अनपेक्षित दंड बसला आणि मोठी ओरड झाली.

पंपाच्या बाबतीतही मर्यादा आहे. कपॅसिटर मोटरच्या रिकाम्या चालीच्या चुंबकीय प्रवाहाच्या ९० टक्क्यांपेक्षा जास्त क्षमतेचा नसावा, असा ठरलेला नियम आहे. जास्त असेल तर स्विच बंद केल्यावर फिरणारी मोटर त्या कपॅसिटरच्या साथीने क्षणभर जनित्रासारखी वागते आणि दाब धोकादायक चढू शकतो.

संपूर्ण ग्रिडलाही हेच लागू पडतं. ४०० आणि ७६५ केव्हीच्या लांब लाइन हलक्या भारावर स्वतःच कपॅसिटरसारख्या वागतात आणि दाब चढवतात. तेव्हा कपॅसिटर बँका बाजूला काढून उलट काम करणारे शंट रिॲक्टर जोडावे लागतात. ५ एप्रिल २०२० ला रात्री नऊ वाजता देशभर नऊ मिनिटं दिवे मालवले, तेव्हा मागणी ३१ हजार मेगावॅटहून जास्त खाली आली. फ्रीक्वेन्सीइतकीच काळजी तेव्हा चढणाऱ्या व्होल्टेजची होती. आणि २८ एप्रिल २०२५ ला भर दुपारी स्पेन-पोर्तुगालचा वीजपुरवठा कोसळला तो दाब कमी पडून नव्हे, चढून. एका पाठोपाठ एक वीजकेंद्रं अतिदाबाने सुटत गेली.

आणि कमी पडले तर?

१४ ऑगस्ट २००३ ला अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि कॅनडात सुमारे पाच कोटी लोक अंधारात गेले. झाडाला टेकलेल्या तारा आणि बंद पडलेली धोक्याची सूचना देणारी संगणकप्रणाली ही मुख्य कारणं होती. पण चौकशीत आणखी एक गोष्ट पुढे आली: क्लीव्हलंड-ॲक्रन भागातल्या काही कपॅसिटर बँका नेहमीच्या तपासणीसाठी त्याच दिवशी बंद ठेवल्या होत्या. उन्हाळ्याचा दिवस, एअर कंडिशनरचा भार, आणि दाब सावरणारं साधन नेमकं हाताशी नाही.

टोकियोची २३ जुलै १९८७ ची घटना याहून बोलकी आहे. कडक उन्हाळा, जेवणाची सुट्टी संपून एक वाजता सगळी कार्यालयं सुरू झाली आणि मागणी झपाट्याने चढली. कपॅसिटर बँका होत्या, त्या जोडल्याही गेल्या. तरी दाब घसरतच गेला आणि सुमारे २८ लाख ग्राहकांची वीज गेली.

असं का व्हावं? कपॅसिटरचा मोठा दोष इथे दिसतो. तो देतो ती रिॲक्टिव्ह पॉवर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. दाब ९० टक्क्यांवर आला की त्याचं देणं ८१ टक्क्यांवर येतं. ४४० व्होल्टवर २ केव्हीएआर देणारा पंपाचा कपॅसिटर ३५० व्होल्टवर जेमतेम १.२७ देतो. गरज सर्वांत जास्त असते तेव्हाच तो ढिला पडतो.

म्हणून संवेदनशील ठिकाणी आता स्टॅटकॉम बसवतात. इलेक्ट्रॉनिक स्विचांच्या मदतीने तो काही मिलिसेकंदांत रिॲक्टिव्ह पॉवर देतो किंवा घेतो, आणि दाब पडल्यावर त्याचं देणं कपॅसिटरइतकं घसरत नाही. महाराष्ट्रात सोलापूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या पॉवरग्रिड उपकेंद्रांत असे स्टॅटकॉम आहेत. ते महाग असतात. त्यामुळे नेहमीचा भार स्वस्त कपॅसिटर बँकांनी उचलायचा आणि अचानकचे हेलकावे स्टॅटकॉमने सावरायचे, अशी कामाची वाटणी असते.

कपॅसिटर फुगतात, फुटतात. मग भरवसा कसा ठेवायचा?

फुगण्याची दोन मोठी कारणं आहेत. एक, सतत जास्त दाब आणि उष्णता; पत्र्याच्या पेटीत, उन्हात, मोटरच्या उबेत बसवलेला कपॅसिटर लवकर जातो. दुसरं कारण हार्मोनिक्स. व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारी साधनं), यूपीएस, एलईडीचे ड्रायव्हर अशी इलेक्ट्रॉनिक साधनं प्रवाह तुकड्यातुकड्याने खेचतात. त्यामुळे ५० हर्ट्झच्या मूळ लहरीत २५०, ३५० हर्ट्झच्या लहरी मिसळतात. कपॅसिटर उच्च फ्रीक्वेन्सीचा प्रवाह सहज जाऊ देतो, म्हणून या लहरी त्याच्याकडेच वळतात. त्यात डीपी आणि कपॅसिटर यांचा मेळ नेमका अशाच एखाद्या फ्रीक्वेन्सीला जुळला तर तो प्रवाह कित्येक पटींनी वाढतो आणि डबे एकामागून एक जातात. व्हीएफडी जास्त असलेल्या कारखान्यात म्हणून प्रत्येक टप्प्यामागे ७ टक्क्यांचा डीट्यून्ड रिॲक्टर लावतात. त्याने जुळणीची फ्रीक्वेन्सी १८९ हर्ट्झवर येते, म्हणजे २५० च्या बरीच खाली. नुसते कपॅसिटर बदलत राहणं हा तिथे उपाय नाही.

पंपाचा कपॅसिटर जिवंत आहे का, हे वायरमन क्लॅम्प मीटरने दोन मिनिटांत पाहू शकतो. पंप चालू असताना कपॅसिटरच्या तिन्ही तारा वेगवेगळ्या मोजायच्या. २ केव्हीएआर, ४४० व्होल्टचा कपॅसिटर ४१५ व्होल्टवर प्रत्येक तारेतून सुमारे अडीच अँपिअर घेतो. तिन्ही आकडे सारखे हवेत. एखादी तार निम्मं दाखवत असेल किंवा शून्य, तर तो बदलायला झाला. स्टार-डेल्टा स्टार्टर असेल तर जोडणी जाणकाराकडूनच करून घ्यावी.

आणि हात लावण्याआधी: स्विच बंद केला म्हणजे कपॅसिटर रिकामा झाला असं नाही. त्याच्या टोकांवर विद्युतभार शिल्लक राहतो. तो उतरवण्यासाठी आत रेझिस्टर असतात, पण त्यांना वेळ लागतो आणि ते जळालेलेही असू शकतात. पुरवठा पूर्ण तोडून निदान पाच मिनिटं थांबायचं, मीटरने टोकांवरचा दाब शून्य असल्याची खात्री करायची, मगच पाना लावायचा. उपकेंद्रातल्या बँकेला याहून जास्त वेळ द्यावा लागतो, आणि अर्थिंग रॉड लावल्याशिवाय कोणी चौकटीत शिरत नाही.

पंप दिवसा सौर विजेवर चालू लागले की कपॅसिटर लागणार नाहीत?

जो पंप थेट पॅनेल आणि स्वतःच्या कंट्रोलरवर चालतो, त्याचा ग्रिडशी संबंध नाही. त्याला हा कपॅसिटर नको. पण मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत सौर प्रकल्प उपकेंद्राजवळ उभा राहतो आणि पंप नेहमीच्याच ११ केव्ही फीडरवर (उपकेंद्रातून निघणाऱ्या लाइनवर), नेहमीच्याच डीपीवर राहतात. प्रकल्पाचे इन्व्हर्टर रिॲक्टिव्ह पॉवर देऊ शकतील, पण ती देतील उपकेंद्रापाशी. तिथून फीडरच्या शेवटच्या विहिरीपर्यंत ती त्याच तारांतून, त्याच डीपीतून जाणार. उलट दिवसा आठ तास सगळे पंप एकत्र चालू लागले की डीपीवरचा भार आताच्यापेक्षा एका वेळी जास्त येण्याची शक्यता आहे. योजनेच्या खर्चात पंपांच्या कपॅसिटरची तरतूद आत्ताच व्हायला हवी, फीडर सौर विजेवर जाण्याच्या आधी.